सगळ्या आठ नंबरच्या

शनिवारची सकाळ, हातात चहा, आणि डोक्यात बरेच दिवस घोळणारा एक किस्सा. ऑफिसात सांगायची लाज वाटत होती. आज लिहूनच टाकतो.

मामांचं कोल्हापुरात चपलांचं छोटं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी उत्साहाच्या भरात त्यांना वेबसाईट करून दिली. फोटो काढले, पेमेंट गेटवे जोडला, परदेशी कार्डांच्या चौकोनात टिक केली. मामी कौतुकानं शेजारणीला सांगत होत्या, "भाच्यानं दुकान अमेरिकेत नेलं!"

चार महिन्यांनी खरंच परदेशातून ऑर्डर आली. पुरुषांचे तीस जोड, सगळे आठ नंबरचे. सर्वात महागडं, सर्वात लवकर पोचणारं कुरियर हवं. भावात घासाघीस नाही. एकूण ७५ हजार. मामांनी मला पुण्याला फोन लावला.

"अरे, सगळ्या आठ नंबरच्या पायजेत म्हणतोय. तिकडं सगळ्यांचं पाय एकसारखं असत्यात व्हय?"

मी हसलो. "मामा, होलसेलवाला असेल. स्क्रीनवर 'अप्रूव्ह्ड' आलंय ना? मग पाठवा बिनधास्त."

'बिनधास्त' हा शब्द माझा. अजून टोचतो.

चपला गेल्या. पैसे खात्यात आले. मामांनी कारागिरांची मजुरी चुकती केली. आणि सात आठवड्यांनी गेटवेचं ईमेल आलं: चार्जबॅक. कार्ड ज्याचं होतं त्यानं स्टेटमेंट बघून बँकेला कळवलं होतं, ही खरेदी माझी नाही. ७५ हजार मामांच्या पुढच्या जमेतून कापले गेले, वर दंड. चपला गेल्या, कुरियरचा खर्च गेला, चोर केव्हाच पसार.

मग मी जे आधी वाचायला हवं होतं ते वाचत बसलो. 'अप्रूव्ह्ड' म्हणजे काय? तर हे कार्ड चालू आहे, चोरीची तक्रार अजून आलेली नाही आणि एवढी रक्कम शिल्लक आहे. बस्स! समोर बसलेला माणूस कार्डाचा मालक आहे, असं त्यात कोणीही म्हटलेलं नाही. आणि तक्रार करायला मालकाला साधारण १२० दिवसांपर्यंत मुदत असते. म्हणजे खात्यात आलेले पैसे तोवर तसे आपले नसतातच.

आपली फसगत होते ती ओटीपीच्या सवयीमुळे. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २००९ पासून ऑनलाईन कार्ड व्यवहारांना जास्तीची पडताळणी सक्तीची केली. पण तो नियम भारतात दिलेल्या कार्डांना. परदेशी कार्ड नुसता नंबर, तारीख आणि मागचे तीन आकडे टाकून चालू शकतं. मी रोज कोड लिहितो, आणि हे मला माहीत नव्हतं!

तीन आठवड्यांनी दुसरी ऑर्डर. शंभर जोड, 'कुठलेही नंबर चालतील'. वर एक विनंती: माल आमचाच शिपिंग एजंट उचलेल, त्याचे ८५ हजार माझ्या कार्डावर जास्तीचे लावा आणि त्याच्या बँक खात्यात भरा. यावेळी आम्ही दोघंही हसलो. कार्डाचे पैसे परत ओढून नेता येतात, बँकेतून पाठवलेले सहसा परत येत नाहीत. सगळा खेळ या फरकावर. एजंट म्हणजे तोच चोर, किंवा त्याचा भाऊबंद.

आता आम्ही काय करतो, तेही सांगतो. तुमच्या घरी कोणी मसाले, पैठण्या, दागिने विकत असेल तर उपयोगी पडेल.

३-डी सिक्युअर झालं नाही तर परदेशी कार्ड घेत नाही. ते झालं असेल तर 'खरेदी माझी नाही' या तक्रारीची जबाबदारी बहुतेक वेळा कार्ड देणाऱ्या बँकेवर जाते. कार्डाच्या पहिल्या आकड्यांवरून ते कुठल्या देशातलं हे कळतं. तो देश आणि माल पाठवायचा देश वेगळे असतील तर थांबतो. तिसऱ्या माणसाला एक रुपयाही भरत नाही. मोठी पहिली ऑर्डर असेल तर पैसे आधी बँकेतून मागवतो. आणि शंका आली तर माल पाठवण्याआधीच कार्डाचे पैसे परत करतो. गेलेलं गिऱ्हाईक परवडतं, चार्जबॅक नाही.

शेवटचा नियम मामांचा. परदेशी गिऱ्हाइकाला कागदावर पाय ठेवून पेन्सिलनं आखून फोटो पाठवायला सांगायचं. खरी गिऱ्हाइकं हौसेनं पाठवतात. एका काकूंनी तर अख्ख्या कुटुंबाचे पाय पाठवले. चोर मात्र उत्तरच देत नाहीत.

नुकसान मी भरून देतो म्हटलं, तर मामा म्हणाले, "पैसं नगं. पुन्हा असं व्हणार न्हाई एवढं बघ." 'तुझ्यामुळं झालं' असं ते एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

कारण खरा प्रश्न त्यांनी पहिल्याच दिवशी विचारला होता. उत्तर मी स्क्रीनकडे बघून दिलं.

असो. चहा थंड झाला.