समजलं का? हो सर!

"समजलं का?"

"होऽऽ सर!"

डिप्लोमाच्या आमच्या वर्गात हा संवाद तासाला चारदा तरी व्हायचा. त्या कोरसमध्ये माझा आवाज अंमळ मोठाच असे. कारण? मला काहीच समजलेलं नसायचं!

साल २००५. विषय कॉम्प्युटर नेटवर्क. दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात, त्यामुळे इंग्रजी पुस्तकाची धास्ती होतीच. पण पहिले दोन आठवडे झकास गेले, कारण ते हातकाम होतं. केबल सोलायची, आतल्या आठ तारा सरळ करायच्या, रंगांच्या ठरलेल्या क्रमाने लावायच्या (पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी), आरजे-४५ कनेक्टरमध्ये सरकवायच्या आणि क्रिंपिंग टूलने कचकन दाबायचं. आईच्या हाताखाली शिवणकाम केलेलं असल्याने माझ्या केबली वर्गात सगळ्यात नीटस व्हायच्या. मुलं माझ्याकडून करून घ्यायची. म्हटलं, जमतंय की!

मग सबनेटिंग आलं आणि माझी विकेट पडली.

सरांनी फळाभर शून्य आणि एक लिहिले, त्यातले काही खोडले, काहींवर रेघ मारली आणि विचारलं, "समजलं का?" आजूबाजूला सगळे हो म्हणाले. मग मीही म्हणाले. युनिट टेस्टमध्ये २५ पैकी ७ मिळाले. आईला फोनवर सांगितलं, "पेपर बरा गेला."

पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकल. दोन कॉम्प्युटर एका स्विचला जोडायचे आणि एकावरून दुसऱ्याला पिंग करायचं. पिंग म्हणजे हाक मारून ओ येते का ते बघणं. माझ्या एका मशीनचा नंबर १९२.१६८.१.६०, दुसऱ्याचा १९२.१६८.१.७०, दोन्हीकडे मास्क २५५.२५५.२५५.१९२. हाक मारली. ओ नाही. मला वाटलं, केबल खराब. कापली, पुन्हा क्रिंप केली. ओ नाही. पुन्हा कापली. तिसऱ्यांदा केबल वीतभर तोकडी झाली, तेव्हा सर टेबलापाशी आले. स्विचवरचा हिरवा दिवा दाखवून म्हणाले, "केबल उत्तम आहे. नंबर बघ. सबनेटिंग समजलं होतं ना?"

आणि मी म्हणाले, "हो सर, आलं लक्षात."

आजही ते आठवलं की कानशिलं गरम होतात.

त्यानंतरच्या एका तासाला सरांनी टीसीपी शिकवायला घेतलं. इंटरनेटवरून काही पाठवायचं तर त्याचे तुकडे करून पाठवतात. प्रत्येक तुकड्यावर नंबर असतो. घेणारा पोच देतो. पोच येईपर्यंत पाठवणारा त्या तुकड्याची प्रत स्वतःजवळ जपून ठेवतो. वेळेत पोच आली नाही, तर तोच तुकडा पुन्हा पाठवतो. न कंटाळता.

मागून कुणीतरी विचारलं, "सर, न मिळताच कुणी पोच दिली तर?"

सर हसले. "मग संपलंच. पाठवणारा समजणार की मिळालं, आणि आपल्याजवळची प्रत टाकून देणार. आता परत पाठवायला त्याच्याकडे काही नाही."

वर्ग पुढे गेला. मी तिथेच राहिले. दीड महिना मी हेच तर करत होते. सर परत सांगायला तयार होते, मीच "मिळालं" म्हणून त्यांना पुढे ढकलत होते. आणि फक्त त्यांनाच नाही.

आमच्या घरी पोच द्यायची एक पद्धत होती. सुट्टीहून हॉस्टेलला परतले, की एसटी स्टँडवरच्या कॉइन बॉक्सवरून घरी दोन रिंगा द्यायच्या आणि ठेवून द्यायचं. फोन उचललाच जायचा नाही, त्यामुळे रुपया वाचायचा. आई दोन रिंगा मोजूनच झोपायची. त्या रिंगा मी कधी खोट्या दिल्या नव्हत्या. पोचण्याआधी तर नाहीच!

त्या संध्याकाळी मी रुपया टाकला. "आई, मला त्या पेपरात सात मिळालेत. पंचविसापैकी."

थोडा वेळ शांतता. मग, "अगं, मग सरांना विचार की परत. विचारायला काय पैसे पडतात?"

एवढंच. मी ओरडा खायच्या तयारीत होते.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर थांबले. म्हटलं, "सर, सबनेटिंग पहिल्यापासून समजलेलं नाही." सरांनी डस्टर ठेवला आणि खडू उचलला. "२५६ खोल्यांची चाळ आहे. ६४-६४ खोल्यांचे चार विंग केले. पहिला विंग ० ते ६३, दुसरा ६४ ते १२७. आता ६० नंबरवाला आणि ७० नंबरवाला एका विंगमध्ये का?"

नाही! म्हणून ओ नव्हती. विंगाबाहेर जायला मधे राउटर लागतो आणि आमच्या टेबलावर फक्त स्विच होता. मग एका विंगमध्ये ६२च मशीन का, हे विचारलं. (पहिला नंबर विंगाचं नाव, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायला.) ते मला दोनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा विचारताना मी चाचरले, तर सर म्हणाले, "विचार. टीसीपीतही तीच मागणी तीनदा परत आली, की पाठवणारा वेळ संपायची वाट बघत नाही. लगेच पाठवतो."

त्या दिवशी अजून एक कळलं. टीसीपीची पोच म्हणजे नुसतं "हो" नसतं. तिच्यात पुढचा हवा असलेला नंबर असतो. म्हणजे, इथपर्यंत मिळालं, आता इथून पुढे द्या. टीसीपीचा १९८१चा दस्तऐवज जाऊन २०२२मध्ये नवा आला, पण एवढी गोष्ट तशीच आहे.

हल्ली नव्या मुलांना मी हेच शिकवते. "समजलं का?" असं विचारत नाही, त्याला "हो" हे एकच उत्तर येतं. मी विचारते, "कुठपर्यंत पोचलं?" पहिल्या दिवशी सगळे गप्प बसतात. दुसऱ्या दिवशी एखादी मुलगी हळूच म्हणते, "मॅडम, त्या मास्कपर्यंत."

मग मी खडू उचलते.

असो. आई, हे वाचलंस तर दोन रिंगा दे.