ठावठिकाणा

अण्णांचे विस्मरण वाढू लागले, तेव्हा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात मोबाईल ठेवायचा आणि आपल्या मोबाईलवर त्यांचे ठिकाण पाहत राहायचे, असा तोडगा मी काढला. नकाशावर निळा ठिपका दिसला की जीव भांड्यात पडे. त्या ठिपक्यामागे नखाहून लहान चिप असते, एवढेच ठाऊक होते. काळजीपोटी तिच्याविषयी वाचू लागलो.

ही चिप उपग्रहांना काहीच सांगत नाही, ती केवळ ऐकते, हे वाचून आश्चर्य वाटले. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह आपले स्थान आणि आण्विक घड्याळातली वेळ अखंड कळवत असतात. तो क्षीण संदेश पोहोचायला किती वेळ लागला, यावरून चिप अंतर काढते. इथे एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ३०० मीटरांची चूक. तिचे स्वतःचे घड्याळ मात्र साधे, चुकणारे. म्हणून तीन उपग्रहांवर भागत नाही, चौथा लागतो. चौघांच्या साक्षीने ती आपल्या स्थानाबरोबरच आपल्या घड्याळाची चूकही शोधून काढते. आपली वेळ चुकीची आहे, हे गृहीत धरूनच तिचे गणित सुरू होते.

अण्णांना नेमके तेवढेच जमेनासे झाले होते. सकाळ की संध्याकाळ, यावर ते हट्टाने वाद घालत. त्यांचाही आधी काळ हरवला, मग ठिकाण.

एके संध्याकाळी अण्णा घरात नव्हते. ठिपका मात्र घरातच, स्थिर. मोबाईल उशीखाली सापडला. चिप चुकली नव्हती. तिने स्वतःचे ठिकाण बिनचूक सांगितले होते. ते अण्णांचे, असे आम्हीच धरून चाललो होतो.

आई म्हणाली, "त्यांच्या कचेरीजवळच्या बसथांब्यावर बघ. कचेरी सुटायची वेळ झाली." ज्या कचेरीतून ते कधीच निवृत्त झाले होते, तिच्या समोरच ते पिशवी मांडीवर घेऊन बसलेले सापडले.

"आज गाडीला फार उशीर झालाय," अण्णा म्हणाले.

मी त्यांचे घड्याळ दुरुस्त करायला गेलो नाही. "येईल इतक्यात," म्हणालो आणि थोडा वेळ त्यांच्याशेजारी बसून राहिलो.