मांडवीतीर : एका जुन्या चित्रकार्डावरून

आमच्या संग्रही पणजीच्या नदीकाठाचे एक जुने चित्रकार्ड आहे. त्याच्या तळाशी ‘नोव्हा गोवा’, म्हणजे ‘नवे गोवे’, अशी अक्षरे छापलेली आहेत. पुढे मांडवीचे संथ पात्र, काठाला लागलेल्या होड्या, उतरत्या कौलांचा लांबलचक वाडा, आणि मागे टेकडीच्या उतारावर शुभ्र चर्च. चित्र वीतभर, परंतु त्यात दोन नगरांची कहाणी सामावली आहे.

तो वाडा मूळचा विजापूरच्या आदिलशहाचा. इ. स. १५१० मध्ये तो पोर्तुगीजांच्या हाती गेला. राजधानी तेव्हा नदीच्या वरच्या अंगाला, सुमारे १० किलोमीटरांवर, आजच्या जुन्या गोव्यात होती. लिस्बनहून आलेला नवा व्हाइसरॉय प्रथम पणजीच्या वाड्यात उतरे, व मग समारंभपूर्वक राजधानीत प्रवेश करी. पुढे वारंवार येणाऱ्या साथींनी ते वैभवशाली नगर ओस पडत गेले. १७५९ साली व्हाइसरॉयांनी आपले बिऱ्हाड या वाड्यात हलविले. १८४३ साली पणजी राजधानी झाली. गोवा मुक्त झाल्यावर राज्याची विधानसभाही २००० सालापर्यंत येथेच भरत असे.

मागे दिसते ते निष्कलंक गर्भसंभव मातेचे चर्च. १५४१ साली येथे लहानसे प्रार्थनामंदिर होते. आजची वास्तू १६१९ सालची. तिच्या शिरोभागी टांगलेली प्रचंड घंटा मात्र या चर्चची नव्हे. ती जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठाच्या चर्चची. १८३५ साली सरकारी आज्ञेने धर्मसंघ बंद झाले, मठ सुना पडला आणि १८४२ साली चर्चचे छत कोसळले. आज तेथे मनोऱ्याचा भग्न भाग तेवढा उभा आहे. घंटा काही काळ आग्वादच्या किल्ल्यावर होती. १८७१ साली ती पणजीस आली.

वाचकहो, ज्या मठाने ती घंटा घडवून घेतली तेथे आज प्रार्थनेला कोणी जमत नाही. तिचा नाद मात्र मांडवीतीरी अजून भाविकांना बोलावीत आहे. दगडी भिंती टिकतात त्या माणसांच्या येण्याजाण्याने. आपल्या गावच्या चर्चची घंटा उद्या वाजेल तेव्हा आपण घरी बसून राहिलो, तर तिचा ओस मनोरा व्हावयास साथीचीही गरज पडणार नाही, एवढेच हे चित्र पाहताना आमच्या मनात आले.