ओझ्याची सायकल

पुण्याहून वरंध घाटाने महाडला सायकलवर जायचे आम्ही कचेरीतल्या चौघांनी ठरवले, तेव्हा दुकानदाराने गिअरच्या चकचकीत सायकली पुढे केल्या. आम्ही काळ्या दांड्याच्या साध्या सायकलीच घेतल्या. पोलादी फ्रेम तडकली तर गावातला वेल्डिंगवालाही जोडून देतो. गिअर बिघडला तर वाटेत कोण पाहणार? शिवाय हिच्या मागच्या चाकाला ४० स्पोक असतात, पुढच्याला ३२. ओझे मागेच येते, म्हणून वाचलेले पैसे मागच्या चाकावर घातले. सैल स्पोक कसून आऊट काढून घेतला. १८ दात्यांचे फ्रीव्हील काढून २० चे बसवले. वेग घटतो, पण चढाला पाय हलका पडतो.

सामान कसे बांधावे ते दूधवाल्याकडून शिकावे. त्याच्या किटल्या दोन्ही बाजूंना, सारख्या वजनाच्या आणि खाली लोंबतात. पाठीवर पिशवी लादणारी आमची तरुण मंडळी मग कंबर धरून बसतात!

ब्रेकच्या रबरात मात्र कंजुषी नको. भरलेली सायकल उतारावर लवकर थांबत नाही, आणि घरी पगार आणणारे आम्हीच. घाटमाथ्यावर चारही सायकलींचे ब्रेक पुन्हा आवळले. तरी अवघड वळणांवर आम्ही उतरून सायकली हातात धरूनच चाललो.