तंबोऱ्यातला गंधार

मी अकरा वर्षांची असताना घरातल्याच एका जाणत्या माणसानं आईला सांगितलं होतं, "हिला कान नाही, उगाच पैसे घालवू नका." माझा षड्ज तेव्हा उतरायचा, हे खरंच होतं. पण मला गाण्याची ओढच इतकी, की आईनं शिकवणी लावलीच.

बाईंनी वर्षभर एकही राग शिकवला नाही. पहाटे तंबोरा मिळवायचा आणि खर्ज लावून बसायचं. एकदा त्यांनी विचारलं, "गंधार ऐकू येतो का गं?" पंचम, दोन जोड आणि खर्ज, एवढ्याच तर चार तारा, त्यात गंधार कुठला? पण खर्जाच्या तारेतून मूळ स्वरासोबत त्याच्या पाचपट कंपनांचा स्वरही उमटत असतो. तोच हा स्वयंभू गंधार. शेजारच्या मुलींना तो लगेच ऐकू आला. मला नाही. खोटं 'हो' म्हणायला जीभ धजली नाही.

मग मी रोज त्यालाच शोधत बसू लागले. तार आणि घोडी यांच्यामधला जवारीचा दोरा बोटाच्या टोकानं सरकवायचा, तार छेडायची, ऐकायचं. दोरा जरा चुकला की नाद बोथट. असे आठ महिने गेले. श्रावणातल्या एका पहाटे तो केसभर हलला, खर्ज एकदम खुलला आणि त्याच्या वर, धुपाची रेघ उठावी तसा, गंधार उभा राहिला. मी रडले. त्यानंतर माझा सा हळूहळू जागेवर येऊ लागला.

देणगी असते, ती मी नाकारत नाही. आमच्यातल्या एकीची तान ऐकायला बाईसुद्धा थांबायच्या. दुसऱ्या वर्षी तिला कंटाळा आला आणि ती यायची बंद झाली. 'गाता गळा, शिंपता मळा' असं आपण सहज म्हणतो. पण रोज पाणी घालायला मळ्यावर जीवही असावा लागतो. अल्लादियाखाँसाहेबांचा (१८५५-१९४६) तरुणपणी गाऊन गाऊन आवाजच गेला. परत आला तो पहिल्यासारखा नव्हता. त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी घडवली. आज तिलाच आपण जयपूर-अत्रौली म्हणतो.

हल्ली माझ्याकडे साठी ओलांडलेले एक काका येतात. त्यांचाही षड्ज उतरतो. गंधार अजून सापडलेला नाही, पण एकही दिवस चुकवत नाहीत. काल शिकवणीची वेळ संपली तरी ते दोरा सरकवत, डोळे मिटून खर्जाची तार छेडत बसले होते. मी दिवा तसाच ठेवला.