‘क्रिशा’ला भयपट म्हणताना

दिग्दर्शक ट्रे एडवर्ड शुल्ट्सचा ‘क्रिशा’ हा चित्रपट मी पाहिला तो परीक्षणं वाचून. २०१५ साली ऑस्टिनच्या साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवात परीक्षकांचं आणि प्रेक्षकांचं, अशी दोन्ही पारितोषिकं त्याने पटकावली होती. समीक्षक तर एकमुखाने स्तुती करत होते, आणि त्यातल्या अनेकांनी त्याला भयपटाच्या पंगतीत बसवलं होतं.

साठीतली क्रिशा बऱ्याच वर्षांनी थँक्सगिव्हिंगला बहिणीच्या घरी येते. व्यसनापायी तिने पोटचा मुलगा बहिणीच्या पदरात टाकलेला. आता आपण सुधारलोय हे दाखवायला ती सगळ्यांसाठी टर्की भाजायचं काम अंगावर घेते. भिरभिरणारा कॅमेरा आणि कानात ठोके घालणारं संगीत आपल्याला तिच्या डोक्यात नेऊन बसवतं. भयपट म्हणणाऱ्यांचं तेवढं बरोबर आहे.

पण मला त्या घरातली बाकीची माणसं दिसत राहिली. पोरं मस्ती करतायत, टीव्हीवर मॅच चालू आहे, तिच्याशी सगळे नीट बोलतायत; फक्त कुणी मोकळं होत नाही. हे मी आमच्या घरी गणपतीत पाहिलंय. काका व्यसनमुक्ती केंद्रातून आला होता. आईने त्या वर्षी चांदीची निरांजनं कपाटातून काढलीच नाहीत, आरतीला स्टीलची ठेवली. काका म्हणाला, “दादा, मूर्ती मी घेऊन येतो.” बाबा म्हणाले, “राहू दे रे, संजू जाईल.” आवाज अगदी मायेचा होता. काकाने निरांजनांकडे एकदा पाहिलं आणि तो दुर्वा निवडायला बसला.

म्हणून मला भयपट हा शब्द अपुरा वाटतो. भयपटात कुणीतरी भूत असावं लागतं. इथे टर्की जमिनीवर पडते, क्रिशा पुन्हा प्यायलेली असते, आणि नंतर बहीण तिच्यासमोर रडते. त्या रडण्यात राग आहे, पण बहिणीची मायाही तेवढीच आहे. दोघींपैकी कुणाला दोष द्यावा, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

परीक्षणांत आणखी एका गोष्टीचं कौतुक होतं. चित्रीकरण दिग्दर्शकाच्या आईच्याच टेक्सासमधल्या घरात, नऊ दिवसांत झालं. क्रिशा झालेली क्रिशा फेअरचाइल्ड त्याची सख्खी मावशी, बहीण झाली आहे ती त्याची आई, आणि मुलाच्या भूमिकेत तो स्वतः. पडद्यावरच्या आजीला खरोखरच स्मृतिभ्रंश होता. बरेच जण ही माहिती निर्मितीची गंमत म्हणून सांगतात. मला ती चित्रपटाचा गाभा वाटते. शुल्ट्सच्या घराने व्यसन जवळून पाहिलेलं आहे. परक्या माणसाने हीच गोष्ट केली असती, तर क्रिशाची किंवा त्या घराची बाजू घेऊन तो मोकळा झाला असता.

माझा एक मित्र चित्रपटांवर लिहितो. त्याची तक्रार अशी की, क्रिशा प्यायला का लागली हे पटकथा सांगतच नाही, पात्र अर्धवट राहतं. मी त्याच्याशी कडकडून भांडलो. काका का प्यायला लागला हे बाबांनाही माहीत नव्हतं, आजीलाही नव्हतं. त्या घरातल्यांना जे ठाऊक नाही, ते प्रेक्षकाला आयतं सांगितलं असतं तर हा चित्रपट खोटा झाला असता.