रात्री किल्ली कोणाजवळ असते?

धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, आयकराचं ८०-जी, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, सत्कारांची कात्रणं. केंद्राच्या संचालकांनी पुढे केलेली फाईल चांगली जाडजूड होती. शेवटच्या पानापर्यंत उलटून मी विचारलं, "दिव्यांग कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र?" ते म्हणाले, "ताई, एवढे कागद कमी आहेत काय? पोरं पाहा ना आमची."

पोरं मी पाहिली होती, म्हणूनच विचारत होते.

माझा धाकटा भाऊ पस्तिशीचा आहे. बौद्धिक दिव्यांग आहे आणि त्याला फिट येतात. अकोल्याला जठारपेठेत आई त्याचं सगळं करते, पण आता त्याला आंघोळ घालणं तिच्याच्यानं होत नाही. "माह्या मागं याले कोन पाहीन वो?" हे ती जेवताना म्हणते, देवापुढे बसली की म्हणते. विशेष शाळा होती तोवर दिवस बरे गेले. अठराव्या वर्षानंतर शाळा सुटली, आणि प्रौढ माणसाला राहता येईल अशी जागा आपल्या वऱ्हाडात शोधायला लागलं की कळतं, पर्याय किती थोडे आहेत ते. त्यामुळे घरचे लोक जागा मिळाली यातच हरखतात. प्रश्न विचारला तर नाही म्हणतील, ही भीती असते. मलाही होती.

अकोला-अमरावती हायवेपासून थोडं आत असलेलं ते केंद्र टिनाच्या छपराचं होतं. मे महिना, अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या वर, आणि त्या लांबट खोलीत दोनच पंखे. खिडक्यांना गज, ये-जा करायला एकच दार. दाराला बाहेरून कडी, कडीला कुलूप. काळजी घेणारा मुलगा प्रामाणिक होता. "पोट्टे पयतात ताई, म्हून लावा लागते." ते खोटं नव्हतं. माझा भाऊही एकदा थेट रेल्वे स्टेशनापर्यंत गेला होता. मी विचारलं, रात्री किल्ली कोणाजवळ असते? "सुपरवायझर साहेबाजवळ." आणि साहेब कुठे राहतात? "मूर्तिजापूरले."

मला त्या क्षणी एरवाडी आठवलं. तमिळनाडूतलं ते गाव, ६ ऑगस्ट २००१ ची पहाट. मनोरुग्णांना ठेवलेल्या झोपडीवजा आश्रमाला आग लागली आणि साखळीने बांधलेली अठ्ठावीस माणसं त्या आगीत गेली.

मी संचालकांकडे मागितलेलं प्रमाणपत्र ज्या कायद्याखालचं, तो दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ ला. त्याचं कलम ५० सरळ सांगतं की सक्षम प्राधिकाऱ्याकडून नोंदणी प्रमाणपत्र घेतल्याशिवाय दिव्यांगांसाठीची संस्था काढता येत नाही आणि चालवताही येत नाही. कलम ५१ प्रमाणे ठरवून दिलेल्या सोयी आणि दर्जा असल्याशिवाय ते द्यायचं नाही. त्याला मुदत असते, मुदत संपण्याच्या निदान साठ दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो, आणि प्रमाणपत्राची प्रत संस्थेत ठळक जागी लावावी लागते. धर्मादाय नोंदणी विश्वस्त कोण, हिशेब कसे, एवढंच सांगते. रात्री किल्ली कुठे असते हे तिथे कोणी विचारत नाही. शासनाच्या स्वतःच्या संस्थांना मात्र कायद्याच्या या नोंदणीच्या प्रकरणातून सूट आहे. ती मला अजिबात पटत नाही. आग काही मालक पाहून लागत नाही.

अमरावतीत जी जागा अखेर पसंत पडली, ती दिसायला फार वेगळी नव्हती. भिंतींचा रंग उडालेला, अंगणात वाळत घातलेल्या चादरी. पण ऑफिसच्या दाराशेजारी, डोळ्यांच्या उंचीवर, प्रमाणपत्र लावलेलं होतं. त्यावर नोंदणी क्रमांक, कोणत्या प्रवर्गासाठी, निवासी की अनिवासी, मंजूर संख्या, मुदतीची तारीख. मी मंजूर संख्या वाचली आणि आत जाऊन खाटा मोजल्या. जुळल्या. अधीक्षकबाईंना राग आला नाही. त्यांनीच औषधांचं रजिस्टर काढून दाखवलं. प्रत्येकाचं नाव, गोळी, वेळ आणि देणाऱ्याची सही. रात्री नऊच्या रकान्यातसुद्धा सही होती. भावाची फिटची गोळी एक दिवस चुकली तरी काय होतं ते मी पाहिलेलं आहे, त्यामुळे त्या सहीवर माझी नजर बराच वेळ होती. विशेष शिक्षकांचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मी मागितला, तोही मिळाला. मागच्या बाजूला दुसरं दार होतं, आणि किल्ली रात्रपाळीच्या बाईंच्या कमरेला.

प्रमाणपत्र म्हणजे माया नव्हे, हे मला कळतं. २०११ साली पनवेलजवळ कळंबोलीच्या बालगृहात बौद्धिक दिव्यांग मुलींवर झालेले अत्याचार उघड झाले, २०१३ मध्ये न्यायालयाने दोषींना शिक्षा सुनावल्या. ज्या मुलींना झालेलं सांगताही येत नाही, त्यांच्यासाठी बाहेरच्या कोणीतरी हक्काने आत येऊन पाहावं लागतं. नोंदणीमुळे तो हक्क तयार होतो. नोंदणीच नसेल तर तपासायला जायचं कोणत्या कागदावर?

पण त्या टिनाच्या केंद्राची तक्रार करताना माझा हात थांबला होता, हेही खरं. कायद्याने नोंदणी रद्द झाली तर तिथल्या माणसांना घरच्यांकडे किंवा दुसऱ्या संस्थेत हलवायचं असतं. ज्यांना घरच नाही त्यांचं काय? अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी बेवारस दिव्यांग मुलांना स्वतःचं नाव दिलं आणि अठरानंतरही आपल्याजवळच ठेवलं. अठरा वर्षांनंतरही अशा मुलांना आहे तिथेच राहता यावं असा कायदा करा, ही त्यांची वर्षानुवर्षांची मागणी आहे. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मागणी आजही तितकीच निकडीची आहे. कडक तपासणी हवीच, पण जिल्ह्यात दुसरी चांगली जागा उभी केल्याशिवाय ती कोणाला पेलणार?

तक्रार मी केली. केंद्र बंद करा असं लिहिलं नाही. दुसरं दार काढा, कूलर लावा, रात्री किल्ली आतल्या माणसाजवळ ठेवा आणि नोंदणीचा अर्ज करायला लावा, असं लिहिलं. दुसरं दार निघालं आहे, एका पालकाने फोटो पाठवला. नोंदणीचं अजून काही कळलेलं नाही.

भाऊ आता अमरावतीला राहतो. आई दर रविवारी बसने येते, येताना भाकरी आणि ठेचा बांधून आणते. राष्ट्रीय न्यासाच्या १९९९ च्या कायद्याखाली त्याचं कायदेशीर पालकत्व आईनंतर माझ्याकडे यावं, म्हणून जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज दिला आहे. संस्थेच्या प्रमाणपत्राची मुदत पुढच्या वर्षी संपते. ती तारीख मी घरच्या कॅलेंडरवर लिहिली आहे, त्याच्या साठ दिवस आधीचीही. पुढच्या पालकसभेत नूतनीकरणाचा अर्ज कधी करणार, हे अधीक्षकबाईंना सगळ्यांसमोर विचारायचं ठरलं आहे.